मागच्या दाराची खबर

कंपनीत तिला सगळे मुंगी म्हणायचे. भिंतीच्या कडेकडेने, न बोलता, न थांबता तार ओढत जायची म्हणून. वायरमन वडिलांच्या हाताखाली ती काम शिकली आणि पुढची अठरा वर्षं घरोघरी चोरीचे अलार्म बसवत राहिली. अलीकडे नुसता अलार्म कोणाला पुरत नसे. दारं, दिवे, कॅमेरे, सगळं अलार्मला जोडून एका फोनवर हवं असे. ही जोडणी तिच्याइतकी चोख दुसरं कोणी करत नसे.

प्राध्यापकाच्या घराचं काम दोन दिवसांचं होतं. माणूस मोठा अदबशीर. तिला स्वतः चहा करून दिला, शिडी धरली. कॉलेजात असलो की जीव घराकडे लागलेला असतो, म्हणाला. कुठलंही दार उघडलं की त्याला फोनवर कळायला हवं होतं. आणि घरातलं मदतीचं बटण कोणी दाबलं, तर इशारा आधी त्याच्याकडे यायला हवा होता. मिनिटभरात त्याने तो रद्द केला नाही, तरच कंपनीकडे जायचा. उगाच खोटे इशारे नकोत, एवढंच त्याचं म्हणणं.

दुसऱ्या दिवशी तो कोणाशी तरी फोनवर बोलायला वरच्या मजल्यावर गेला, तेव्हा त्याची बायको शिडीपाशी आली.

"ताई, मागच्या दाराची खबरपण जाणार का त्यांना?"

"हो. सगळ्याच दारांची."

"तेवढं एक राहू द्याल?"

मुंगीने तिच्याकडे पाहिलं. बाईच्या ओठाचा कोपरा सुजलेला होता. काय ते तिच्या लक्षात आलं. पण हातात कामाचा कागद होता, त्यावर पाच दारं लिहिलेली होती. "मला तसं करता येत नाही हो," ती म्हणाली आणि पाचवा सेन्सर बसवला. त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. वडिलांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली.

चार महिन्यांनी प्राध्यापकाची तक्रार आली. मागच्या दाराच्या, अलार्मला जोडलेल्या कुलपाची नोंद सांगत होती की ते रोज दुपारी उघडतं, आणि सेन्सर सांगत होता की दार बंदच आहे. मुंगी गेली. चौकटीवरच्या सेन्सरमागे एक चपटं चुंबक चिकटवलेलं होतं. दार उघडलं तरी सेन्सरला ते मिटलेलंच वाटत होतं. बाई त्या वाटेने बाहेर पडत होती. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंच्या दुकानातून भावाला फोन करायची आणि अर्ध्या तासात परत यायची, हे पुढे कळलं. मुंगीने चुंबक मुठीत घेतलं.

"तार सैल झाली होती," ती म्हणाली.

प्राध्यापक हसला. "चुंबक आहे ना? मला परवाच दिसलं. फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मुंगी हत्यारं गोळा करून निघाली.

मग तिला चैनच पडेना. रोज सकाळी कामावर गेली की ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्या घराच्या नोंदी उघडून बघे. आठव्या दिवशी दिसलं: आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता मदतीचं बटण दाबलेलं, चाळीस सेकंदांत रद्द. दोन मिनिटांनी पुन्हा दाबलेलं, पुन्हा रद्द. त्यानंतर काही नाही. रद्द झाल्यामुळे कंपनीत घंटा वाजलीच नव्हती. इशाऱ्याची ती वाट मुंगीनेच बांधून दिली होती.

साहेबांनी सांगितलं, ग्राहकाची माहिती आहे, हात लावू नकोस. तिने कागद छापून घेतले आणि सरळ पोलीस ठाणं गाठलं.

बाई सरकारी दवाखान्यात सापडली. मनगट दोन ठिकाणी मोडलेलं. जिन्यावरून पडले, असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. मुंगीबरोबर आलेल्या महिला हवालदाराने नोंदींचे कागद समोर धरले आणि विचारलं, पडलेल्या बाईने दोनदा मदत मागितली, मग नवऱ्याने ती दोनदा का थांबवली? बाईने ते आकडे वाचले. मग जबाब दिला. मुंगी निघाली तेव्हा तिला एवढंच म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्यांदा विचारलं होतं, तेव्हा माझा हात धड होता."



भाऊ येऊन बहिणीला घेऊन गेला. हाड वाकडं जुळलं. आता तिला त्या हाताने भरलेली कळशी उचलवत नाही. प्राध्यापक जामिनावर सुटला, कॉलेजात पुन्हा शिकवू लागला. ग्राहकाची माहिती बाहेर दिली म्हणून कंपनीने मुंगीला काढून टाकलं, परवानाही गेला. आता ती वडिलांबरोबर पंखे आणि मोटारी दुरुस्त करते. कोर्टाने तिला दोनदा साक्षीला बोलावलं, दोन्ही वेळा तारीख पुढे गेली. पुढच्या तारखेलाही ती जाणार आहे. प्राध्यापकाच्या घरची जोडणी मात्र अजून चालू आहे. तिच्या जागी कंपनी आता दुसऱ्या कोणाला तरी पाठवते.