भिंतीला लावलेली खाट

आम्ही केदारखेडा सोडलं त्या सकाळी टेम्पोत सामान थोडंच होतं. एक लोखंडी खाट, गॅसची शेगडी, दोन पेट्या, नातीचं दप्तर आणि सोपानची फौजेतली काळी ट्रंक. सून आणि नात मागं सामानात बसल्या, मी ड्रायव्हरशेजारी. पारावर तुम्ही सगळे जमला होतात. निरोप द्यायला कोणी आलं नव्हतं, बघायला आला होतात. शाळा चौथीपर्यंतच शिकले, पण एवढा फरक मला कळतो.

त्याच पारापर्यंत सहा महिन्यांआधी तुम्ही माझ्या पोराला वाजतगाजत आणलं होतं. पंधरा वर्षं फौजेत काढून तो घरी आला तेव्हा फाट्यापासून बँड लावला, फेटा बांधला, उघड्या जीपमध्ये उभं केलं. झेंड्याच्या दिवशी शाळेत पहिल्या खुर्चीवर बसवलं. मग त्यानं सांगितलं, मी जालन्याला नर्सिंगला नाव घातलं, तीन वर्षांचा कोर्स आहे. पुढच्या झेंड्याला खुर्ची दुसऱ्याला गेली. तो बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसला असता तर तुम्हाला चाललं असतं. भरतीची अकॅडमी काढून पोरं पळवली असती तर तुम्ही चौकात त्याच्या फोटोचा बोर्ड लावला असता. आजारी माणसाची सेवा शिकणारा फौजी मात्र तुमच्या कोणत्याच बोर्डावर बसेना.

टेम्पो सुरू व्हायच्या आधी नाना पुढं आले. नाना म्हणजे माझ्या मालकाचे थोरले भाऊ, माझे भासरे. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"सोप्या, बंदूक धरलेल्या हातानं आता लोकाच्या मुताचे भांडे धुशील का? बापाचं नाव काढलं रे बाबा."

तुम्ही हसलात. कोण कोण हसलं ते मला आजही सांगता येईल. सोपान त्यांच्या पाया पडला, "येतो नाना" म्हणाला आणि टेम्पोत चढला. मी पदर पुढं ओढून बसून राहिले. आमच्यात भासऱ्याशी बाई थेट बोलत नाही, त्याच्यापुढं खाटेवर बसत नाही, त्याला हाताचा स्पर्श होऊ देत नाही. चाळीस वर्षं मी हे पाळलं. त्या सकाळीही पाळलं आणि गिळलं.

खरं सांगायचं तर मलाही ते नर्सिंग पटलेलं नव्हतं. वाटेत राजूर येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. माझ्या मनात होतं, महिनाभरात कंटाळेल.

तो कंटाळला नाही. वर्गात सगळ्या अठरा-वीस वर्षांच्या पोरी, पाच-सहा पोरं, आणि हा तेहतीस वर्षांचा घोडा. शिकवणारी मॅडम याच्यापेक्षा लहान. ती वर्गात आली की हा एकटा ताडकन उभा राहायचा आणि "जय हिंद मॅडम" म्हणायचा. पोरी त्याला फौजी मामा म्हणू लागल्या. पुस्तकं इंग्रजीतली, शब्द हातभर लांब. संध्याकाळी सातवीतली नात वाचायची आणि बाप तिच्यामागं म्हणायचा. चुकला की ती छडी उगारायची. पांढऱ्या युनिफॉर्मला इस्त्री मात्र अशी की सगळ्या वर्गात तशी कोणाची नव्हती.

जे गाव सोडून गेलेत त्यांना जालन्यातलं राहणं सांगायची गरज नाही. एक खोली, एक मोरी, नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही. ड्रम भरून ठेवायचे आणि झाकणं दाबून बसायचं. पण शेजारची बाई मला विचारत नाही की मी कोणाची सून. माझ्या डोक्यावर पदर आहे का नाही, हे बघायला इथं कोणाला टाइम नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवत नाही. मला हे पहिल्या आठवड्यापासून आवडलं.

पहिल्या हिवाळ्यात त्याची प्रॅक्टिकल परीक्षा आली. झोपून असलेल्या पेशंटची कूस कशी बदलायची, ते करून दाखवायचं होतं. घरी सराव करायला पेशंट पाहिजे. सून लाजली. म्हणून मी खाटेवर आडवी झाले. त्यानं आधी खाट भिंतीपासून ओढली आणि मधल्या जागेत येऊन उभा राहिला. माझा हात छातीवर ठेवला, गुडघा वाकवला, एक हात खांद्याला, एक कमरेला, आणि मला अलगद कुशीवर वळवलं. पाठीमागं उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी. तोंडानं धडा चालूच होता. "पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची. न्हाई बदलली तर चामडी मरती, मंग जखम हाडापर्यंत जाती."

माझं तोंड भिंतीकडं होतं. मी विचारलं, "तुझ्या बापाला असंच झाल्तं का?"

धडा थांबला. पाठीमागची उशी सारखी करत तो म्हणाला, "तवा कोणाला माहीत होतं, माय."

तुम्हाला आठवत नसेल, म्हणून सांगते. त्याच्या बापाला लकवा झाला तेव्हा सोपान सरहद्दीवर होता. नानांनी कुठून तरी ऐकून आणलं की लकव्याचा माणूस हलवला तर नस सरकते आणि जीव जातो. खाट भिंतीला लावली, मालकाला उताणं निजवलं आणि नाना दिवसभर दारात बसून राहिले. मी पाय सरळ करायला गेले तरी ते खाकरायचे. खाकरले की मी मागं व्हायची. बोलायची तर सोयच नव्हती. पाच महिने मालक तसेच उताणे पडून होते. पाठीला भोक पडलं, वास सुटला, मी नाना नसताना हळद भरली. तुम्ही दारातून बघून, नाकाला रुमाल लावून जात होता. दुखणं म्हटलं की असं होतच असेल, असं मला वाटलं.

सोपान रजा मिळून पोचला तो मयताच्या दिवशी. शेवटची आंघोळ पुरुष घालतात. बापाला आंघोळ घालताना त्यानं ती पाठ बघितली. मला त्यातलं काही बोलला नाही. परत ड्यूटीवर गेला, राहिलेली वर्षं पुरी केली, आणि आला तो नर्सिंगचा फॉर्म घेऊनच. मुताच्या भांड्यावरून तुम्ही हसलात ना, ते भांडं त्यानं कशासाठी उचललं ते हे असं आहे.

आता तो तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या पावसाळ्यानंतर नानांच्या बाळूचा फोन आला. नाना पडले, डावी बाजू गेली, दवाखान्यानं घरी पाठवलं. बाळू म्हणाला, "काकू, सोपानदादाला चार महिने सुट्टी टाकायला लावा. घरचा माणूस शिकून राह्यला, मंग बाहेरचा कशाला?" शिकून राह्यला, हे त्यानं पहिल्यांदाच कबूल केलं. चार महिने गेले असते तर सोपानची हजेरी भरली नसती, परीक्षेला बसू दिलं नसतं. छत्तिसाव्या वर्षी पुन्हा कोण वर्गात घेतं? आणि तो वेडा ट्रंक उघडून कपडे भरायला लागला. म्हणे, नाना आहेत माय, जावं लागंल.

मी म्हणाले, "ट्रंक बंद कर. तू न्हाई, मी जाऊन राह्यले."

माया आली म्हणून मी गेले नाही. पोराचं वर्ष वाचवायला गेले. दुपारच्या गाडीनं उतरले तेव्हा पारावरच्यांनी विचारलं, आता इथंच का? मी पिशवी उचलून सरळ नानांच्या घरी गेले.

नाना उताणे होते. खाट भिंतीला लावलेली. बाळूची बायको उशाशी माश्या हाकत होती, चार बाया दारात. मी म्हणाले, खाट ओढा. बाळू आडवा आला.

"काकू, हलवू नका, नस सरकंल."

"ती नस माझ्या मालकाला बी होती, बाळू. तुझ्या बापानं पाच महिने सांभाळली."

त्यानं खाट ओढली. मी खाटेच्या काठावर बसले. दारातल्या बायांनी तोंडाला पदर लावले. मी नानांचा सदरा वर केला, कंबर एका बाजूनं जरा उचलली आणि खाली, माकडहाडापाशी बघितलं. कातडी लाल झाली होती, फुटली नव्हती. तिथं मी थोडा वेळ नुसती बसले. हेही लिहिते, कारण लपवायचं वय गेलं. मला वाटलं, राहू द्यावं. घरी जावं. पाच महिने पुरे होऊ द्यावेत.

मग वाटलं, यांच्याही शेवटच्या आंघोळीला सोपान असेलच. पुतण्याच आहे. तो पाठ बघेल. आणि त्याला ठाऊक असेल की माय इथं येऊन गेली होती.

मी त्यांचा हात त्यांच्या छातीवर ठेवला, गुडघा वाकवला, एक हात खांद्याला, एक कमरेला. माझा पदर घसरला. नानांचं तोंड वाकडं झालेलं, तरी शब्द कळला. "पदर," ते म्हणाले.

"राहू द्या," मी म्हणाले. "दोन्ही हात गुंतलेत." चाळीस वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग त्यांना कुशीवर वळवलं.

तीन दिवस राहिले. बाळूच्या बायकोकडून सगळं करून घेतलं, तिला घड्याळ बघायला लावलं, आणि चौथ्या दिवशी गाडीत बसले. सोपानची एका तासाचीसुद्धा हजेरी बुडाली नाही. नाना अजून आहेत. माझ्यावर चिडून आहेत असं ऐकते. असू द्या, पाठ साफ आहे.

तुम्ही विचारता, गावी परत कधी. घराला कुलूप आहे ते राहू द्या. मी सोपानला सांगून ठेवलंय, मी पडले की मला केदारखेड्याला आणायचं नाही. इथल्या खोलीत माझी खाट मी आताच भिंतीपासून हातभर ओढून ठेवली आहे, दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी. खोली लहान आहे. येता-जाता सगळ्यांना ती खाट अडते. नातीचा पाय रोज ठेचकाळतो. तरी सरकवू देत नाही.