आत्याची फोटोंची वही

आमच्या आत्याच्या कपाटात गिऱ्हाइकांच्या हाडांचे फोटो आहेत, अशी बोलवा आहे. कपडा बिघडला म्हणून कुणी भांडायला आलं की ती त्याच्या हाडांचा फोटो कपाटातून काढून दाखवते म्हणे. साफ खोटं. फोटो आहेत, पण सगळे तिचे स्वतःचे.

आत्या शिवणकाम करते. गिऱ्हाइकाने तोंडी सांगितलेलं माप ती घेत नाही, स्वतः टेप लावते. दवाखान्यातही तीच तऱ्हा. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, काहीही काढलं की वहीत नोंद: तारीख, अवयव, बाजू, कुणी सांगितलं, का सांगितलं, काय निघालं. शेवटी शेरा. ‘फोटो काढणारा जांभया देत होता. बाजू दोनदा विचारली.’

“पाकिटावर नाव माझं असतं गं,” ती म्हणते, “पण आत छाती कुणाची, ते कोण सांगणार?”

गेल्या महिन्यात खोकला हटेना, म्हणून सीटी झाला. मशीनच्या आवाजाची मी तिथल्या तिथे नक्कल केली. “श्वास घ्याऽ. रोखाऽ. सोडाऽ.”

“रोखा म्हणून तो फोटोवाला चहाला गेला असता तर?” आत्या म्हणाली.

रिपोर्ट दाखवायला बाबा एकटेच गेले आणि तोंड पाडून परतले. उजव्या फुप्फुसात नऊ मिलिमीटरचा ठिपका. सुई घालून तुकडा तपासायचा.

आत्याने शिलाई थांबवली. “त्यांनी काय विचारलं? जसंच्या तसं सांग.”

“आधी कधी सीटी काढलाय का, म्हणाले. मी म्हटलं, नाही.”

“कुणाला विचारून म्हटलंस?”

आत्याने वही काढली. सात वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली तेव्हाची नोंद: छातीचा सीटी, उजवीकडे ठिपका, नऊ. त्या सीटीची सीडीही अस्तराच्या कापडात गुंडाळून ठेवलेली.

“डॉक्टर तुझी वही उघडणारसुद्धा नाहीत,” मी म्हटलं.

“लाव पैज. हरलीस तर अख्खी वही नीट अक्षरात उतरवून द्यायची.”

डॉक्टरांनी आधी हातानेच नको म्हटलं. आत्या पान उघडं धरून उभीच राहिली. मग त्यांनी वाचलं, वही हातात घेतली, सीडी मागितली आणि दोन्ही चित्रं शेजारी लावली. बराच वेळ बघितलं.

“तोच आहे. वाढलेला नाही. सुई नको.”

“नक्की माझीच छाती ना, दोन्हीकडे?” आत्याने विचारलं. त्यांनी बरगडी फार पूर्वी कधी मोडून जुळल्याची खूण दोन्हींत दाखवली, तेव्हा कुठे ती बसली.

आता मी वही उतरवतेय. सोळा पानं झाली. प्रत्येक पान ती मुळाशी ताडून बघते, बोट ठेवून, ओळीओळीने.