दादाची कापलेली स्प्रिंग

दादा गाडीत गेला नाही, तापात गेला. हे आधीच सांगते, कारण गाडी बघितली की लोक तोंडानं नाही तरी डोळ्यांनी तेच विचारतात. लाल रंग, दोनच दारं, पोट जमिनीला टेकेल इतकी खाली. असली गाडी मागं ठेवून जवान पोरगा गेला म्हणजे गाडीनंच नेला असणार, असा त्यांचा अंदाज. गाडीनं कुणालाही नेलेलं नाही. त्यानं ती सेकंडहँड घेतली, हौसेनं चालवली, आणि आता रोज मी चालवते. घरात दुसरी गाडी नाही, घेण्याची ऐपतही नाही.

मी रस्त्यांसाठी आंदोलन करते. पत्रकं लिहिते, चौकात वाटते, महापालिकेच्या दारात बसते. आमच्या कॉलनीत मला खड्डेवाली ताई म्हणतात. एकदा एका गृहस्थांनी माझं पत्रक हातात घेऊन गाडीकडं बघितलं आणि म्हणाले, "खड्ड्यांवर बोलायचं अन् फिरायचं रेसच्या गाडीत. मजा आहे बुवा तुमची."

"काका, खड्डा गाडीची किंमत विचारून लागत नाही," मी म्हणाले.

एरवी मी यावर अर्धा तास भांडले असते. दादा गेला त्या वर्षी भांडणंही नुसती तोंडानं व्हायची. शब्द पाठ होते, ते यायचे. आत काही हलत नव्हतं.

दादा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात आई जिन्यावरून घसरली. मणक्याचं ऑपरेशन झालं. एक दिवसाआड दवाखान्यात नेऊन व्यायाम करून घ्यायचा होता, नाहीतर पाय कायमचे अधू राहतील असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वर म्हणाले, "हादरे मात्र बसू देऊ नका." म्हणजे हादरे आमच्या खिशात असतात आणि आम्ही ते मोजून देतो! आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक गल्लीनं आपापला स्पीडब्रेकर घातलाय. कुणी सिमेंटचा, कुणी डांबराचा, एका ठिकाणी तर तुटलेला विजेचा खांब आडवा गाडून वर मुरूम टाकलाय. उंची किती असावी याचा नियम आहे. मी तो नियम तीन पत्रकांत छापलाय. स्पीडब्रेकरनं अजून वाचलेला दिसत नाही.

रिक्षात आईला बसवत नव्हतं. गाडीत बसायची, पाठीमागं उशी घेऊन, दारावरचा दांडा दोन्ही हातांनी धरून. आणि त्याच सुमारास गाडीचे शॉकअप गेले. एका खड्ड्यातून बाहेर पडलं की गाडी पुढचं वळण येईपर्यंत डुलत राहायची. आई डोळे मिटून घ्यायची. बोलायची नाही काही.

शहागंजच्या मागं एक गॅरेज आहे. तिथले उस्ताद दादाचे दोस्त, म्हणून मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. त्यांच्याकडं नेली. त्यांनी डिकीवर दोन्ही हात ठेवून जोर दिला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली.

"देखो बाजी, कैसी नाच रही. पीछे के दोनो तेल छोड़ रहे. आगे के भी थक गए."

"मग काय घालायचं? बजेट कमी आहे, हे आधी सांगते."

त्यांनी सांगितलं. एक, कंपनीच्या मापाचे साधे शॉकअप. मऊ असतात, किंमत परवडण्यासारखी. दुसरे रेसवाले, उंची आणि कडकपणा फिरवून लावता येतो असे. त्यांची किंमत ऐकून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिसरा उपाय, आहेत तेच उघडायचे, सील बदलायचे, आत जरा जाड तेल भरायचं.

"तुम्ही कुठलं घालाल?"

उस्ताद एरवी एका प्रश्नाला दहा उत्तरं देणारा माणूस. अर्ध्या शहराच्या गाड्या आपल्यामुळं चालतात असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी चहाच्या कपात बघत बसले. मग म्हणाले, "तेल बदल लेते. अच्छा होंगा."

मी घरी येऊन गाडीवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं. तिथल्या ज्ञानी लोकांनी एकमुखानं सांगितलं की स्वस्तातलं काही घालू नका, थोडं थांबा, पैसे साठवा आणि एकदाच भारी घ्या. थांबा! ज्याच्या घरी उशीला टेकून कुणी बसलेलं नाही त्यानं थांबावं. मी तेल बदलायला सांगितलं.

डुलणं गेलं खरं. पण जाड तेलानं गाडीचं लाकूड झालं. पहिल्याच दिवशी, त्या पुरलेल्या खांबावर, अगदी पायी चालावं इतक्या हळू घेऊनही असा एकच दणका बसला की आईचे हात दांड्यावरून सुटले. ओरडली नाही. ओठ पांढरे पडले फक्त. दवाखान्यात तिला उतरताच येईना. व्यायाम घेणाऱ्या बाई बाहेर आल्या, पाठीला हात लावून बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आज काही करता येणार नाही. आणि अशा आणणार असाल तर आणूच नका. घरी पडून राहिल्या तर निदान टाके शाबूत राहतील."

"आणि पाय?"

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तिथून थेट शहागंज. गॅरेजपुढं गाडी लावली; आई पुढच्या सीटवरच, दार उघडं टाकून. मी उस्तादांवर सुटले.

"तेल घातलं का सिमेंट घातलं? मी पेशंट नेते यातून, खडी नाही नेत!"

"बाजी, आवाज नीचे. मेरी भी सुनो."

"काय ऐकू? काय घालायचं ते मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना?"

"वो स्प्रिंग कटेली है ना," उस्ताद म्हणाले.

हे मला माहीत होतं. गाडी जमिनीला लागून दिसावी म्हणून दादानं चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाकला होता. आमच्याकडं हौशी पोरं करतात असं. शॉकअपशी त्याचा काय संबंध, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. उस्तादांनी हाताच्या मुठीवर मूठ दाबून दाखवलं. स्प्रिंग आखूड झाली की कंपनीचा शॉकअप आधीच अर्धा दबून बसतो. खड्डा आला की त्याला दबायला जागाच उरत नाही, थेट बुडाला आपटतो, आणि काही महिन्यांत मरतो. कापलेली स्प्रिंग ठेवायची तर रेसवालेच घालावे लागतील. साधे घालायचे तर स्प्रिंगही पूर्ण मापाची पाहिजे.

"म्हणजे दादाची स्प्रिंग काढायची."

"हां."

"मग हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"कैसा बोलूं बाजी?" उस्तादांनी फरशीच्या एका कोपऱ्याकडं बोट केलं. "इधरिच बैठ के काटा उसने. मैं पकड़ा, ग्राइंडर उसने चलाया. अब मैं बोलूं, निकाल के फेंक दो?"

मी त्या कोपऱ्याकडं बघितलं. तिथं एक टायर होता, बाकी काही नाही. मला वाटलं होतं की आता काहीतरी होईल आपल्याला. झालं नाही.

"काय म्हणतोय गं तो?" आईनं गाडीतून विचारलं.

"काही नाही. स्प्रिंगचं चाललंय."

"दादाच्या?"

मी मान हलवली, तशी ती म्हणाली, "मग काढा की."

"मावशी, भाई की निशानी है वो," उस्ताद म्हणाले.

"निशानी व्हय? मला लागतंय ते." आईनं पाठीमागची उशी सरकवून घेतली. "कापून आणली तवाच मी त्याला म्हणले होते, बाबा, लई खाली केलीस. मी म्हातारी झाल्यावर ह्याच्यात कशी बसू? तर म्हणला, तू म्हातारी होशील तवा बदलू की." तिनं उस्तादांकडं बघितलं. "झाले की आता. बदला."

उस्ताद आत गेले आणि पाना शोधत बराच वेळ आतच राहिले.

मी गाडीपाशी गेले. "आई, इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ती तशीच पायजे."

पत्रकांत मी दरवेळी लिहिते की ज्यांना झळ बसते त्यांना विचारा. असो.

पुढचं सोपं होतं. अपघातात समोरून चेपलेली त्याच बनावटीची एक गाडी उस्तादांच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडं पडून होती. तिच्या चारही स्प्रिंगा शाबूत, न कापलेल्या. त्या स्वस्तात मिळाल्या. स्प्रिंग जुनी चालते, शॉकअप जुना चालत नाही. म्हणून शॉकअप चारही नवे घेतले, कंपनीच्या मापाचे, साधे. ग्रुपवर मी हे कळवलं तेव्हा एकानं लिहिलं, "गाडीचा जीव घेतलात." मी ग्रुप सोडला.

काढलेल्या स्प्रिंगा फरशीवर पडल्या होत्या. कापल्या जागी गंज चढला होता.

"इनका क्या करना?"

"भंगारात टाका," मी म्हणाले.

उस्तादांनी तीन टाकल्या. चौथी कपाटामागं सरकवली. मला दिसलं.

गाडी दोन बोटं उंच झाली. आता ती बघायला कुणी वळत नाही. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन निघाले. पुरलेला खांब आला तसं सवयीनं स्टिअरिंग वळवून मी गाडी तिरपी केली, एकेक चाक चढवलं, आणि खालचं पोट खरवडल्याचा आवाज येईल म्हणून दात दाबून धरले. पुढची चाकं उतरली. मागची उतरली. आवाज आला नाही.

आईनं डोळे मिटलेलेच होते.

"आला का तो खांब?"

"गेला."

"गेला?" तिनं डोळे उघडले, मागं वळून बघायला गेली, वळता येत नाही म्हणून आरशात बघितलं. मग दांड्यावरचा एक हात काढला, आणि थोड्या वेळानं दुसराही.