लुओ छ्योयिंगच्या हातून गेलेलं पांढरं अळंबं

एकतीस वर्षं लुओ छ्योयिंग नानयाओ गावच्या बाजारात अळंबी विकत होती, आणि तिच्याकडचं खाऊन कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. डोंगरातल्या बाया आपली टोपली तपासायला आधी तिच्यापुढे ओतत. ती एकेक अळंबं उलटं करून बूड बघे. वारुळावरच्या खायच्या अळंब्याला खाली लांब मूळ असतं. विषारी पांढऱ्याला बुडाशी पेल्यासारखी खोळ.

त्या सकाळी असलं एक तिनं नेच्याच्या पानांत गुंडाळून बाजूला ठेवलं होतं, पुरण्यासाठी. तेवढ्यात दूरच्या तिएनजिन शहरातून फिरायला आलेले गेंग नावाचे म्हातारे समोर बसले.

"ताई, ही कच्ची खातात?"

"खा की! मग डोकं फिरून छतावर बुटकी माणसं नाचताना दिसतील."

बायका खिदळल्या. गेंगही हसले. त्यांनी विकत घेतलेल्या अळंब्यांवर झाकायला छ्योयिंगनं बोलता बोलता नेच्याच्या पानांची एक मूठ उचलून पिशवीत घातली.

दुपारी बाजूला ठेवलेली पुडी जागेवर दिसेना, तेव्हा तिला कळलं आपण कुठली मूठ उचलली ते.

टोपल्या टाकून ती धावली.

"उंच म्हातारा, गळ्यात कॅमेरा, दिसला का?"

"दोन वाडगे शेवया खाल्ल्या, तिसऱ्याचा नुसता वास घेऊन गेला," शेवयावाली म्हणाली.

"बकरीच्या दुधाचं पनीर भाजताना बघत माझ्यापाशी तासभर उभा होता," पनीरवाली म्हणाली. " का गं, या वयात नवरा पळाला की काय?"

छ्योयिंग पुढे पळाली. तिला फक्त पांढरा रंग दिसत होता, सगळ्या बाजारावर पसरलेला.

पु बाईच्या खानावळीत लोक आपली अळंबी शिजवून घेत. गेंग तिथंच होते. भांडं उकळत होतं, वाळूचं घड्याळ अर्धं झालं होतं, आणि जेवायच्या काड्या पु बाईच्या खिशात होत्या. वाळू संपेपर्यंत, म्हणजे अळंबी पुरती शिजेपर्यंत, ती कुणालाच काड्या देत नसे.

"पांढरं, पेल्याचं! ते भांड्यात गेलं?"

गेंगनी गोंधळून रुमाल उलगडला. "हे? हे कापायला दिलं नाही मी. इतकं सुंदर होतं, म्हटलं आधी नीट बघू."

छ्योयिंगनं पुढे होऊन उकळतं भांडं मोरीत ओतलं.

"अगं छ्योयिंगताई! सापडलं ना ते?" पु बाई ओरडली.

"एकाच पिशवीत होती सगळी."

रुमाल गुंडाळून ती निघून गेली असती, तर कुणी काही विचारलं नसतं. पण तिनं मोठ्यानं सांगितलं, "ते पिशवीत मीच घातलं. माझ्या हातानं. उद्यापासून टोपल्या माझी भावजय तपासेल. बायांना सांगा."

पु बाईनं तिच्याकडे न बघता भांडं घासायला घेतलं.

गेंग अजून रुमालाकडेच बघत होते. "यानं माणूस मरतो?"

"मरतो."

रुमालावर ते उभं होतं: गुळगुळीत, ओलसर, कुठलाच डाग नसलेलं. इतक्या वर्षांत छ्योयिंगनं फक्त त्याचं बूड बघितलं होतं. आज ती त्याच्यासमोर बसून राहिली, आणि हात लावायचा धीर तिला होईना.