खालच्या आजी आणि लावलेली खिडकी

मंडळी, आज दुपारी सासूबाईंनी पोळ्या लाटता लाटता अभंग धरला. जर्मनीत रविवारी आवाज म्हणजे तक्रार ठरलेली, म्हणून मी घाईने खिडकी लावली. तरी बेल वाजलीच. दारात खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी.

“खिडकी का लावलीत?”

मग आजींनी सांगितलं: साठच्या दशकात, त्या लहान असताना, त्यांच्या घरी वेल्समधल्या एका बाजारपेठेच्या गावचे पाहुणे उतरले होते. आठवडी बाजारात मटण, चीज विकणारी माणसं, पण संध्याकाळी सगळी एकाच कॉयरमध्ये, म्हणजे गायनवृंदात. यजमान-पाहुण्यांना एकमेकांची भाषा येईना, म्हणून जेवणानंतर टेबलापाशीच गायला लागली.

“माझ्या आईनेही तुमच्यासारखीच घाबरून खिडकी लावली. तर शेजारीच काच वाजवायला लागले, उघडा म्हणून.”

हुश्श. सासूबाईंनी आजींना गरम पोळी वाढली आणि अभंग पुन्हा पहिल्यापासून धरला.

तुम्ही कोणाच्या धाकाने खिडकी लावून बसलाय?