गाडीच्या कॉम्प्युटरची चोरी

खंडेनवमी उजाडली की ती केस अजूनही डोळ्यांसमोर उभी राहते आणि हसू आवरत नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कुपवाड भागात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळीच एक गॅरेजवाला तणतणत आला. पलूसच्या एका द्राक्षबागायतदाराने हौसेने आपल्या नव्या गाडीला मोठा सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर बसवून घेतला होता. पण गाडीला जोर येईना, कारण इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल जुन्याच हिशोबाने सोडत होता. म्हणून गॅरेजवाल्याने कॉम्प्युटरची ती डबी पुण्याला नेऊन तिच्यात नवा प्रोग्रॅम भरून आणला होता. आदल्या संध्याकाळी फळीवर ठेवलेली डबी आता गायब होती.

"संशय कुणावर?"

"पार्टनरवर, सायेब. दुसरी किल्ली त्याच्याकडंच हाय."

दोघे शाळेपासूनचे मित्र. गुन्हा नोंदवला असता तर गॅरेज आणि दोस्ती दोन्ही त्याच दिवशी मोडली असती. मी तक्रारदाराला बाकावर बसवलं आणि पार्टनरला बोलावून घेतलं.

तोवर खबऱ्याने बातमी आणली की, सकाळी गॅरेजातून एक झाकलेली टोपली बाहेर गेली. मी पार्टनरला दरडावून विचारलं.

"आई पानं-हातोडं पूजेला घिऊन गेली. दरसाल नेती," एवढं बोलून तो भिंतीकडे बघत बसला. चोर असा बसत नाही. तो बोलतो, शपथा घेतो. हा गडी चक्क रुसला होता. मग पुटपुटला, "मला एकदा इचारायचं तरी हुतं."

तेवढ्यात ठाण्यात शस्त्रपूजेची मांडामांड सुरू झाली. हवालदाराने रायफली लावल्या, काठ्या लावल्या आणि मधोमध एक वायरलेस सेट ठेवून त्यावर झेंडूचं फूल वाहिलं.

"अहो, हा कशाला?"

"आवं सायेब, ह्याच्याबिगर आपलं काम चालतंय व्हय? ह्यो बी हत्यारच की."

मी टोपी उचलली, दोघांना जीपमध्ये घातलं आणि थेट पार्टनरचं घर गाठलं. बूट बाहेर काढले. देव्हाऱ्यापुढे पाने, हातोडे, जॅक आणि सगळ्यांच्या पुढे ती डबी, हळदीकुंकवाने माखलेली!

"दोघं रोज हिचंच बोलत्यात," पार्टनरची आई म्हणाली. "हिच्यावर गॅरेजचं नाव हुनार म्हनं. मग हिलाच म्होरं ठिवली."

मी हात पुढे केला तशी ती कडाडली, "आवं, पूजेतलं हत्यार उद्या दसऱ्याला उठवायचं. तवर पोलिसानंबी हात लावायचा न्हाई!"

मी मुकाट्याने हात मागे घेतला. तक्रारदार उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभा होता आणि पार्टनर त्याच्याकडे बघायला तयार नव्हता. दोस्ती मोडते की काय, ही खरी धास्ती मला तेव्हा वाटली.

"भायेर का हुबा ऱ्हायलास रं?" म्हातारी त्याच्यावर खेकसली. "आरती व्हायचीया. घंटा कोन वाजीवनार?"

तो आत आला. पार्टनरने सरकून त्याला जागा दिली.

दसऱ्यानंतर डबीच्या पिनांमधलं कुंकू साफ करून ती गाडीत बसवली. गाडी अशी उसळली की मागे बसलेल्या मला दोन्ही हातांनी सीट धरावी लागली.

ओळखीच्या माणसांची तक्रार आली की आधी त्यांना एका खोलीत समोरासमोर उभं करायचं, ही सवय मला त्या केसने लावली. परवा माझी गाडी त्याच गॅरेजात टाकली. दोघे माझ्यादेखत कचाकचा भांडले आणि मी निवांत चहा पीत बसलो.