परका उंचवटा

"हे सॅम्पल त्याचंच, कशावरून?"

दाराआडून सरांचा आवाज आला. रक्ताची नळी घेऊन आलेली नर्स वैतागली. "मी स्वतः काढलंय, साहेब!"

"म्हणून तर विचारतोय."

सर बडोद्यातल्या आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख; त्यांचं हे रोजचंच. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेल. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते म्हणे. कोणी पेढे आणले तरी विचारायचे, "कशाबद्दल? आणि आजच का?" मग दोन खायचे. मी नवी, इंग्रजी शाळेतली. त्यांच्यासमोर माझं मराठी "हो सर" एवढ्यावर संपायचं.

ती नळी कारेलीबागेतल्या एका मुलाची होती. त्याला बहिणीच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी दिल्या होत्या. त्या रुजल्या का, हे आम्ही रक्तातल्या जनुकीय खुणांवरून पाहायचो. प्रत्येक खुणेच्या जागी आलेखावर उंचवटा उमटतो; फक्त बहिणीचे उंचवटे दिसले तर उत्तम. मुलाचे जुने दिसू लागले तर आजार परतण्याची भीती. या वेळी सगळीकडे बहीणच होती, पण एका जागी जास्तीचा एक उंचवटा आला. ना त्याचा, ना तिचा.

डॉक्टरांचा फोन आला. "जुन्या पेशी परतत असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आजच कमी करतो. पण उगाच कमी केलं तर बहिणीच्या पेशी त्याच्यावरच उलटतील. नक्की सांगा."

कोणाच्या हातून आपल्याच पेशी नळीत पडल्या तर पकडता यावं, म्हणून सरांनी आम्हा सगळ्यांच्या खुणा काढून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या पडताळल्या. चाचणी मीच केली होती, आणि नेमकी त्या एका जागी माझी खूण जुळली.

"हातमोजे घातले होतेस ना, बेटा?"

संशय पक्का झाला की ते 'बेटा' म्हणायचे.

"हो सर."

मला टेबलापासून दूर बसवून त्यांनी नवं रक्त मागवलं, सगळं स्वतः केलं. उंचवटा पुन्हा आला. मग बहिणीला बोलावणं गेलं. "पेशी देणारी तूच ना? चुलत बहीण वगैरे नाही?"

तिची आई गुजरातीमिश्रित मराठीत उसळली. "अहो साहेब, माझीच पोरगी छे! पोटावरचे टाके दाखवू?"

सर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी बाईंना स्वतःची खुर्ची दिली, चहा मागवला आणि अगदी हळू विचारलं, "पोरगा जेवतो का?"

सर आता नाहीत. त्यांचा विषय निघाला की लोक संशयाचेच किस्से सांगतात. तो हळू प्रश्न मी ऐकला होता.

बहिणीचं ताजं सॅम्पल जुन्याशी तंतोतंत जुळलं. जास्तीचा उंचवटा त्यात नव्हता. सर पुन्हा माझ्या हातमोज्यांकडे पाहू लागले. मी उठून आलेख त्यांच्यासमोर धरला.

"सर, माझ्या पेशी पडल्या असत्या तर मी सगळ्याच जागी दिसले असते. हा मुलगाही कुठेच दिसत नाही. हा उंचवटा बहिणीच्या उंचवट्याला लागून आहे, फक्त एक पायरी पुढे. तिच्याच काही पेशी त्याच्या अंगात रुजून वाढताना या एका जागी एका पायरीने बदलल्यात. डॉक्टरांना फोन लावा. जुन्या पेशी परत आलेल्या नाहीत म्हणावं."